जीझ बेंडच्या गोधड्या

१९४२ साल. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील एका खेड्यात नॅथॅनियल पेटवे नावाचा कृष्णवर्णीय शेतकरी सुमारे आठ महिन्यांच्या आजारपणानंतर वारला. त्याची पत्नी मिसुरी हिने त्याचे कामाचे सगळे कपडे एकत्र केले आणि त्यांची गोधडी करायचे ठरवले. मुलगी आर्लोन्झिया तेव्हा ऐन तारुण्यात होती. आईच्या सांगण्यावरून तीही कपडे फाडायला बसली. विजारीचे पाय खाली अरुंद आणि वर रुंद असत. त्यांतून सारख्या रुंदीच्या पट्ट्या काढणे हे तिचे काम. ही गोधडी कशासाठी, हे आर्लोन्झियाने पुढे म्हातारपणी सांगितले. आईला नवऱ्याची आठवण ठेवायची होती आणि त्याच्या मायेखाली निजायचे होते.

साठ वर्षांनी, २००२ मध्ये, हीच गोधडी टेक्सासमधील ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात भिंतीवर टांगली गेली. शेजारी पाटी होती : करणारीचे नाव, वर्ष, कापडाचा प्रकार. त्याच वर्षाअखेर हे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले. कलासमीक्षकांनी या गोधड्यांचा उल्लेख मातीस आणि क्ले यांच्या शेजारी केला. ज्या घरांत त्या शिवल्या गेल्या, तिथे मातीस हे नाव कधी कुणाच्या कानावर पडले असण्याचा संभव फारच थोडा.

अंथरुणापासून संग्रहालयाच्या भिंतीपर्यंत त्या कशा पोचल्या, आणि भिंतीवर गेल्यानंतर त्या खेड्याच्या पदरात काय पडले, याचा हा इतिहास आहे.

नकाशात अलाबामा नदी पाहिली, तर एका ठिकाणी ती नालेच्या आकाराचे मोठे वळण घेते. त्या वळणाच्या पोटात हे गाव आहे. सरकारी दप्तरी त्याचे नाव बॉयकिन. लोकांच्या तोंडी मात्र जीझ बेंड, म्हणजे जी नावाच्या माणसाचे वळण. जोसेफ जी या गोऱ्या जमीनदाराने १८१६ च्या सुमारास इथे कापसाचा मळा घातला. १८४५ मध्ये तो मार्क पेटवे याच्या ताब्यात आला. पुढच्या वर्षी पेटवे कुटुंबाने नॉर्थ कॅरोलायनाहून आपले बस्तान हलवले आणि सोबत सुमारे शंभर गुलाम आणले. कुटुंब गाड्यांतून आले. गुलाम चालत आले.

आज गावात ज्याला त्याला पेटवे आडनाव आढळते, त्याचे मूळ इथे आहे. ते मालकाचे आडनाव. पुढील मजकुरात अनेक पेटवे येतील. त्या सगळ्या एकमेकींच्या नात्यातल्या असतीलच असे नाही.

गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. मोकळे झालेले लोक त्याच मळ्यात अर्धेलीने कापूस करू लागले. बी-बियाणे, अवजारे, पोटाला लागणारे धान्य, सगळे उचलीवर. आणि सुगी झाली की उचल वळती होऊन हातात काहीच उरत नसे. महाराष्ट्रातल्या सावकारीचा इतिहास वाचलेल्याला हे गणित नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

१९३२ मध्ये या गणिताचा कडेलोट झाला. नदीपलीकडच्या कॅम्डेन गावच्या एका व्यापाऱ्याने जीझ बेंडच्या कुटुंबांना अनेक वर्षे उधारी दिली होती. कापसाचे भाव कोसळले होते, आणि तशातच व्यापारी वारला. त्याच्या वारसांनी एकाएकी सगळी येणी वसूल करायला काढली. घोडेस्वार गावात शिरले आणि सुमारे साठ कुटुंबांच्या घरांतून जे नेता येईल ते घेऊन गेले : खेचरे, गायी, डुकरे, कोंबड्या, गाड्या, नांगर, कणगीतला मका, पुरून ठेवलेली रताळी. तो हिवाळा गावाने रेड क्रॉसने दिलेल्या शिध्यावर काढला.

गोधडी कशी होते, हे समजण्यासाठी ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते. या गावात कापड विकत घेऊन गोधडी शिवण्याचा प्रश्नच नव्हता. विजार गुडघ्यावर फाटली की ठिगळ, ठिगळ फाटले की पुन्हा ठिगळ, आणि ठिगळ लावायलाही जागा उरली नाही म्हणजे त्या विजारीची गोधडी. पिठाच्या आणि खताच्या पोत्यांचे अस्तर. आत भरायला कापूस, पण तोही जिनिंगच्या जमिनीवरून झाडून आणलेला, काठीने झोडपून साफ केलेला. महाराष्ट्रातल्या गोधडीत किंवा वाकळीत सहसा जुन्या लुगड्यांचे थरावर थर असतात. इथे दोन थरांच्या मध्ये कापूस. धावदोरा मात्र तोच.

फळ्यांच्या भिंतींना फटी असत. त्या बुजवायला आतून वर्तमानपत्रे चिकटवली जात. थंडी पडली की एकेका बिछान्यावर चार-पाच गोधड्या लागत, खाली अंथरायला वेगळ्या. म्हणून गोधड्या पुष्कळ कराव्या लागत आणि लवकर कराव्या लागत. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला बारीक फुलपाखरांची नक्षी भरत बसायला सवड नव्हती. मोठे तुकडे, लांब पट्ट्या, सरळ रेषा. या गोधड्यांच्या ज्या धीटपणाचे पुढे एवढे कौतुक झाले, त्याच्या मुळाशी घाई आहे, हे विसरून चालणार नाही. पण घाई तर त्या काळी अनेक गावांत होती, आणि तिथे अशा गोधड्या झाल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

वरचा थर जोडण्याचे काम बाई एकटीने करी. कोणता तुकडा कशाशेजारी बसवायचा, हा निर्णय तिचा. तो थर तयार झाला की शेजारणी जमत, चौकट छतापासून खाली सोडली जाई आणि अस्तर, कापूस व वरचा थर एकत्र शिवताना सगळ्या मिळून प्रार्थनेची गाणी म्हणत. रचना एकटीची, टाके सगळ्यांचे.

काही रचनांना नावे होती. मधोमध एक चौकोन आणि त्याभोवती पट्ट्यांची चौकटीवर चौकट, ती ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचे छप्पर. नुसत्या उभ्या पट्ट्या, ती ‘लेझी गॅल’, आळशी पोरगी. ठराविक नमुना पाळण्यापेक्षा ‘आपल्या पद्धतीने’ करण्याला गावात मान होता. हाउसटॉप सरळ निघाला असता, पण मध्येच कापड संपले, दुसऱ्या रंगाचे आले, एक बाजू रुंद झाली. तर ती तशीच ठेवायची आणि उरलेल्या तीन बाजूंनी तिला सांभाळून घ्यायचे. विजारीचा खिसा उसवला की त्याखालचे कापड गडद निळे निघते, कारण त्याला ऊन लागलेले नसते. बायांनी हे गडद चौकोन लपवले नाहीत. फिकट निळ्या पट्टीत ते रंगाच्या एखाद्या ठिपक्यासारखे येतात. वीस-वीस वर्षे शेतात वाकलेल्या माणसाच्या गुडघ्याचा विटका गोलही तसाच येतो.

१९३७ मध्ये सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टाइन गावात आला. मंदीच्या काळात शेतकऱ्यांची दैना टिपण्यासाठी सरकारने नेमलेल्या छायाचित्रकारांपैकी तो एक. त्याच्या एका छायाचित्रात जोरेना पेटवे गोधडी जोडताना दिसते. दुसरे फार प्रसिद्ध झाले : आर्टेलिया बेंडॉल्फ ही मुलगी लाकडी घराच्या खिडकीत उभी, आणि खिडकीच्या झडपेवर चिकटवलेल्या वर्तमानपत्रात जाहिरातीतली हसरी गोरी बाई. या छायाचित्रांतून देशाला जीझ बेंडचे दारिद्र्य दिसले. गोधड्याही त्यांतच होत्या, पण त्या कुणी पाहिल्या नाहीत.

त्याच सुमारास रूझवेल्ट सरकारने मळ्याची सुमारे दहा हजार एकर जमीन विकत घेतली, तिथे नवी घरे बांधली, शाळा आणि जिनिंग काढले, आणि पुढच्या काही वर्षांत ही घरे व शेते स्वस्त कर्जावर त्याच कुटुंबांच्या नावावर केली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांत हे भाग्य विरळाच. गोधड्यांच्या इतिहासात हा प्रसंग सहसा दोन ओळींत आटोपतो, पण त्याचे महत्त्व फार आहे. आसपासच्या खेड्यांतून माणसे शिकागोला, डेट्रॉइटला निघून जात होती. इथे स्वतःच्या जमिनीमुळे पुष्कळ कुटुंबे टिकून राहिली. आजीची हाउसटॉप पाहत आई शिकली, आईची पाहत मुलगी. ही साखळी तुटली नाही, याचे एक कारण सातबारा, असे आपल्याकडच्या भाषेत म्हणता येईल.

फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग जीझ बेंडला आले. गावकरी मतदार नोंदणीसाठी कॅम्डेनला जाऊ लागले. नदी ओलांडली की कॅम्डेन समोर. पण ती ओलांडायची तराफ्यासारखी फेरीबोट १९६२ मध्येच बंद करण्यात आली होती. रस्त्याने वळसा घालून जायला तासभर लागे, आणि फारच थोड्या घरांत मोटार होती. मतदानाचा हक्क मागणाऱ्या गावाची वाट अशा रीतीने बंद झाली, ती पुढे चव्वेचाळीस वर्षे उघडली नाही. त्याच दशकात खालच्या अंगाला धरण झाले आणि गावाची हजारो एकर सुपीक जमीन पाण्याखाली गेली.

गोधडी विकली जाऊ शकते, हे गावाला याच धामधुमीत कळले. फ्रान्सिस वॉल्टर हे गोरे धर्मोपदेशक नागरी हक्कांच्या कामासाठी या भागात फिरत होते. १९६५ च्या डिसेंबरात त्यांना एका घरासमोर दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्यांनी घरोघर जाऊन एकेका गोधडीला दहा डॉलर देऊन त्या जमवल्या आणि न्यूयॉर्कला लिलाव केला. मार्च १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था स्थापन झाली. एस्टेल विदरस्पून यांनी तिचा कारभार अनेक वर्षे सांभाळला. मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून घरातून काढल्या गेलेल्या कुटुंबांनाही या संस्थेने आसरा दिला.

न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांतून मागणी येऊ लागली. पण दुकानाला एकसारखा माल लागतो. पहिली गोधडी जशी, तशीच विसावी हवी. टाके मोजून, रंग ठरवून. ‘आपल्या पद्धतीने’ करण्याला तिथे जागा नव्हती. बायांनी तेही केले, कारण पैसा हवा होता. या गावातल्या अनेक स्त्रियांच्या आयुष्यातली ती पहिली रोख कमाई. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीचे कॉर्डुरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले. अभ्रे सगळे सारखे. मात्र कापून उरलेल्या पट्ट्या घरी जात, आणि घरी कुणाचा नमुना पाळायचा नव्हता. सत्तरीच्या दशकातल्या सोनेरी, लाल आणि शेवाळी रंगाच्या कॉर्डुरॉयच्या गोधड्या या उरलेल्या तुकड्यांच्या आहेत. संस्थेने बाजारात धाडलेल्या मालापेक्षा बायांनी स्वतःच्या बिछान्यासाठी केलेल्या या गोधड्याच पुढे संग्रहालयांत गेल्या.

इथे व्हिटनी संग्रहालयातल्या एका जुन्या प्रदर्शनाची आठवण काढणे भाग आहे. १९७१ मध्ये, म्हणजे जीझ बेंडच्या गोधड्या तिथे येण्याच्या एकतीस वर्षे आधी, अमेरिकन गोधड्यांचे एक गाजलेले प्रदर्शन याच संस्थेत भरले होते. गोधडी चित्रासारखी भिंतीवर लावून पाहता येते, हे त्या प्रदर्शनाने कलाजगताला पटवले. पण त्यातल्या बहुतेक गोधड्या अनामिक होत्या. प्रदेश, अंदाजे काळ, रचनेचे नाव. करणारीचे नाव नाही. तोवर ते विचारण्याची गरज बहुतेकांना वाटली नव्हती.

नाव येण्यासाठी कुणीतरी दार ठोठवावे लागले. अटलांटाचे संग्राहक विल्यम आर्नेट यांनी नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस एका पुस्तकात छायाचित्र पाहिले : लाकडाच्या मोळ्यांवर पसरलेली एक गोधडी आणि बाजूला ती करणारी ॲनी मे यंग. चारी बाजूंनी विटलेल्या जीन्सच्या पट्ट्या आणि मधोमध एकदम पेटल्यासारख्या लाल-नारिंगी कॉर्डुरॉयच्या पट्ट्या. १९७६ सालची. आर्नेट तिला शोधत जीझ बेंडला पोचले. असे सांगतात, की त्याच सुमारास तिने काही जुन्या गोधड्या डास पळवण्यासाठी जाळल्या होत्या. गोधडी जीर्ण झाली की तिचा धूर करायचा, ही गावाची रीतच होती. ही एक मात्र वाचली होती.

आर्नेट यांनी गावातून शेकडो गोधड्या विकत घेतल्या, बायकांच्या मुलाखती नोंदवल्या, नावे आणि साले लिहून ठेवली. यातूनच २००२ चे प्रदर्शन उभे राहिले. गावातल्या बायका बसने ह्यूस्टनला गेल्या आणि आपल्या आईच्या, मावशीच्या गोधड्या भिंतीवर पाहिल्या. प्रदर्शन पुढे देशभर फिरले. २००६ मध्ये टपाल खात्याने या गोधड्यांची दहा तिकिटे काढली. दरम्यान गावातल्या बायकांनी स्वतःची सामूहिक संस्था स्थापन केली आणि गोधड्यांची किंमत हजारो डॉलरांवर गेली.

लॉरेटा पेटवे यांचे म्हणणे या कौतुकात वेगळे उठून दिसते. आपल्याला शिवण कधी आवडले नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. घरात थंडी होती, मुले होती, गोधड्या देणारे कुणी नव्हते, म्हणून त्यांनी केल्या. त्यांच्या उभ्या पट्ट्यांच्या गोधड्या आज अमूर्त कलेचे नमुने म्हणून दाखवल्या जातात. कलावंत आपल्या कलेवर प्रेम करतोच, ही समजूत या बाईपुढे टिकत नाही. जे काम नाइलाजाने झाले, ते इतके देखणे कसे, हा प्रश्न उरतो; समीक्षकांपैकी फार थोड्यांनी त्याला हात घातला आहे.

मग पैशाचा प्रश्न आला. गोधड्यांच्या रचना गालिच्यांवर, चादरींवर आणि घरसजावटीच्या वस्तूंवर छापून विकल्या जाऊ लागल्या. गोधडी विकली म्हणजे तिची रचनाही विकली काय? २००७ मध्ये ॲनी मे यंग, लॉरेटा पेटवे आणि लुसिंडा पेटवे फ्रँकलिन यांनी आर्नेट कुटुंबीय व इतरांविरुद्ध न्यायालयात दावे दाखल केले. या व्यवहारातला आपला वाटा आपल्याला मिळाला नाही, हे त्यांचे म्हणणे. प्रतिपक्षाने ते नाकारले. गावही एकमताचे नव्हते. आर्नेट आले नसते तर आपली गोधडी कुणी पाहिली नसती, असे मानणाऱ्या बायकाही होत्या. २००८ मध्ये तडजोड झाली आणि तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत. ज्या गोधडीच्या पाटीवर पहिल्यांदा करणारीचे नाव आले, तिच्याच रचनेचा हक्क कुणाचा, याचा जाहीर निवाडा अशा रीतीने झालाच नाही.

आर्नेट यांनी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाने पुढे या गोधड्या मोठ्या संग्रहालयांकडे सोपवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला जी देणगी मिळाली, तिच्यात वीस गोधड्या होत्या. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, लुसी मिंगो आणि लॉरेटा पेटवे यांना पारंपरिक कलांसाठीचा अमेरिकेचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला. शिवण न आवडणाऱ्या बाईंनाही. २०२४ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीने पाच जणींच्या रचना कपड्यांवर आणि भांड्यांवर छापून विकल्या, तेव्हा विक्रीच्या प्रमाणात मोबदला नाही, ठरावीक रक्कम, यावरून पुन्हा चर्चा झाली. प्रश्न तोच, २००७ चा.

गावाची फेरीबोट २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून ती विजेवर चालते. अमेरिकेत प्रवासी आणि मोटारी नेणारी, पूर्णपणे विजेवर चालणारी ही पहिली फेरी. दवाखाना आणि मोठी दुकाने अजून पलीकडेच आहेत. ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ २०१२ मध्ये बंद पडली.

थंडी सरली की घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढून दोऱ्यांवर, कुंपणांवर टाकायच्या, उन्हे दाखवायच्या, आणि शेजारणींनी येऊन कुणी यंदा काय केले ते पाहायचे, ही जीझ बेंडची जुनी चाल. रचना एका घरातून दुसऱ्या घरात जात त्या या दिवशी. वाड्यावस्त्यांवर गोधड्या उन्हात टाकलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र सहज उभे राहील. २०२२ पासून गावाने याच चालीचा ऑक्टोबरमध्ये भरणारा उत्सव केला आहे. बाहेरगावचे लोक येतात. अंगणांत आणि रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यांवर गोधड्या वाऱ्यावर हलत असतात. खाली खुर्चीत ती गोधडी करणारी बसलेली असते. नाव विचारले तर नाव सांगते, आणि किंमतही तीच सांगते.